पाण्याचा वार

फॉर्मवर एक रकाना असतो : इयत्ता.
अंबादास येमुलच्या नावापुढं मी तिथं आडवी रेघ मारते.
वय सत्तावीस.
अठराव्या वर्षी शाळेनं निरोप दिला :
एक गुलाब, दोन पेढे, स्टीलचा डबा.
मग नऊ वर्षं तो घराच्या पायरीवर,
मागाच्या खडखडाटाकडं पाठ करून.
"शाळा संपली," सांगायचा येणाऱ्याजाणाऱ्याला,
जसं कुणी सांगतं, गॅस संपला.

भद्रावती पेठेत, टॉवेलच्या बंद गोदामावर
आमचा वर्ग भरतो, दुपारी दोन ते पाच.
जिन्यात अजून सुताची धूळ.
वर पत्रा, पत्र्यावर एप्रिल.

महादेवी हत्तुरे, बत्तीस वर्षांची, सही शिकतेय :
'म'ला घट्ट गाठ मारते
आणि पुढचं सगळं नाव बाहेर ठेवते.
जुबेर शंभराची नोट ओळखतो,
पण उरलेले पैसे मागणं त्याला भांडण वाटतं.
म्हणून आम्ही रोज भांडतो.
मी शेंगाचटणीवाली, तो गिऱ्हाईक.
"माझे तीस द्या की ओ," एवढं वाक्य यायला
दिवाळीपासून गड्ड्यापर्यंत वेळ गेला.

अंबादासला वार येत नव्हते.
मी जुन्या चादरीवर सात खिसे शिवले,
मोरांची चादर, कडेला विटलेली.
प्रत्येक खिशात एका वाराची चिठ्ठी.
तो चिठ्ठी काढायचा, वास घ्यायचा, परत ठेवायचा.
"आज कोणता वार?"
"तिसरा."
"उद्या?"
"चौथा."
"आणि मग?"
"पाणी."

मी वहीत लिहिलं, चूक.
सात आठवडे, लाल शाईनं, चूक.

त्याची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"आमच्या बोळात कॅलेंडर कोण बघतंय ओ बाई.
नळ पाचव्या दिवशी. रात्री दोनला येऊ दे, तीनला येऊ दे,
हा आधी उठतो, दारं वाजवत जातो,
नीळ्ळु, नीळ्ळु.
मागं पाइप फुटला, पाणी एक दिवस लांबलं.
आम्ही सगळे पुढं महिनाभर चुकलो.
हा नाही."

माझ्या कॉलनीत बोअर आहे.
मला कधी पाणी मोजावं लागलं नाही.

त्या रात्री कात्री घेऊन मी दोन खिसे उसवायला बसले.
एक उसवलासुद्धा.
मग आठवलं, रविवारी वर्ग बंद असतो
आणि दर रविवारी तो येतो,
जिन्याच्या कुलपाशी बसतो पाचपर्यंत,
गोदामाच्या वॉचमननं सांगितलेलं.
रविवार त्याला लागणारच होता.
उसवलेला खिसा पुन्हा शिवला, वाकडा आला.
आणि खाली, उरलेल्या पट्टीवर, पाच खिसे नवे.

आता तो खालच्या ओळीत निळं बटण सरकवतो,
न सांगता.
वरच्या ओळीत माझं बोट धरून जातो,
शनिवारपाशी थांबतो,
पुढच्या खिशाकडं बघतो
जसं कुणी कुत्रं बांधलेल्या दाराकडं बघतं.

गेल्या रविवारी मी चष्मा विसरले म्हणून गेले.
जिन्यात कुणी नव्हतं.
कुलूप उन्हानं तापलेलं, पायरी रिकामी.
शिकला?
की ताप आलाय?
वॉचमन जेवायला गेलेला.
त्यांचा फोन नंबर वहीत, वही कपाटात,
कपाटाची किल्ली घरी.

मी त्याच्या पायरीवर टेकले.
उद्या कळेल, म्हटलं. उद्या सोमवार.
आणि बोटं आपोआप मोजायला लागली :
परवा पाणी आलं होतं त्यांच्याकडं,
म्हणजे आज दुसरा,
उद्या तिसरा.